महिला लॅक्रॉसची राष्ट्रीय फायनल बघताना नजर मधल्या वर्तुळावर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब. मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या संघात मिडफिल्डर खेळते. अमेरिकेतल्या कॉलेज महिला लॅक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा वीकेंड बघायला सगळे जाणार आहेत, भारतातून आलेले आजी-आजोबाही बरोबर असतील. मुलीचे वडील विचारतात: ही स्पर्धा चालते कशी, खेळ न कळणाऱ्या माणसाने मैदानावर नेमकं काय बघायचं, आणि आमच्या मुलीने यातून काय शिकून यावं?

मी मेरीलँडमध्ये बरीच वर्षं शाळा आणि क्लब पातळीवर मुलींना शिकवते आणि पंच म्हणूनही उभी राहते. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत, फेकत समोरच्या गोलमध्ये मारण्याचा सांघिक खेळ. उत्तर मी मैदानाच्या मध्यापासूनच सुरू करते.

गोल झाला की सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवतं, खेळाडू एकमेकींना मिठ्या मारतात, पडद्यावर तोच गोल पुन्हा दाखवतात. त्या वेळी तुम्ही मधल्या वर्तुळाकडे बघा. तिथे दोन्ही संघांची एकेक खेळाडू समोरासमोर येऊन उभी राहते. दोघी आपापल्या स्टिक कमरेच्या वर आडव्या धरतात, स्टिकच्या जाळ्या पाठीला पाठ लावून असतात आणि पंच त्या दोन जाळ्यांच्या मध्ये पिवळा चेंडू बसवतो. पंच मागे सरकतो, शिट्टी वाजते, दोघी स्टिक वर आणि स्वतःच्या बाजूला खेचतात. चेंडू उडतो. तो दोघींच्या डोक्यापेक्षा उंच गेलाच पाहिजे, नाहीतर ते वैध धरत नाहीत. शिट्टीआधी कुणी हलली तर चेंडू थेट समोरच्या संघाला मिळतो. वर्तुळाच्या कडेवर प्रत्येक संघाच्या आणखी दोघी टपून असतात. बाकीच्या सगळ्या दोन्ही बाजूंच्या रेषांमागे थांबलेल्या असतात, चेंडू कुणाच्या तरी ताब्यात येईपर्यंत त्यांना पुढे यायची परवानगी नाही. म्हणजे तीन विरुद्ध तीन, आणि हवेत एक चेंडू.

याला ड्रॉ म्हणतात आणि मिळालेल्या ताब्याची नोंद ‘ड्रॉ कंट्रोल’ म्हणून होते. माझं ठाम मत आहे की राष्ट्रीय विजेतेपद जितकं गोलसमोर ठरतं तितकंच या वर्तुळात ठरतं, आणि दोन तुल्यबळ संघ असतील तर इथे जास्त ठरतं.

कारण सरळ आहे. फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो. बास्केटबॉलमध्येही तसंच. इथे गोल केलेल्या संघालाच ड्रॉ जिंकून पुन्हा चेंडू घेता येतो, पुन्हा गोल करता येतो आणि पुन्हा ड्रॉ जिंकता येतो. समोरच्या संघातली उत्तमोत्तम अटॅकर पाच-सहा मिनिटं चेंडूला हातही न लावता उभी राहू शकते. म्हणून या खेळात गोल एकेक न येता झुंडीने येतात. सामना ०–० वरून बघताबघता ५–० होतो आणि तितक्याच वेगाने ५–६ होतो.

आता हिशेब करून बघा. १४–१३ असा सामना संपला तर २७ गोल झाले. गोलनंतर ड्रॉ, शिवाय सामन्याच्या चारही क्वार्टरच्या सुरुवातीला ड्रॉ, म्हणजे साधारण तीस वेळा चेंडू हवेत उडाला. समजा एका संघाने त्यातले अठरा जिंकले आणि दुसऱ्याने बारा. सहा जादा संधी झाल्या. तीनातल्या एका संधीचं सोनं केलं तरी दोन गोलचा फरक पडतो. आणि महिलांच्या फायनल किती वेळा एका गोलने ठरल्या आहेत ते बघा. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने मेरीलँड विद्यापीठाला १३–१२ असं हरवलं, तेही बरोबरीनंतरच्या तीन जादा डावांनंतर. २०१८ मध्ये जेम्स मॅडिसनने बॉस्टन कॉलेजला १६–१५ ने हरवलं. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने त्याच बॉस्टन कॉलेजला १२–११ ने. २०२४ मध्ये बॉस्टन कॉलेजने नॉर्थवेस्टर्नला १४–१३ ने. यातला कुठलाही सामना एखाद-दुसरा ड्रॉ इकडचा तिकडे झाला असता तर उलट लागला असता.

२०२४ ची ती फायनल तुमच्या मुलीला पूर्ण दाखवाच. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी गावी झाली होती. नॉर्थवेस्टर्न आदल्या वर्षीचा विजेता. त्यांनी २०२३ च्या फायनलमध्ये याच बॉस्टन कॉलेजचा १८–६ असा धुव्वा उडवला होता. २०२४ मध्येही सुरुवात तशीच झाली, बघताबघता ६–० झालं. बहुतेक खेळांत असा सामना तिथेच संपतो. लॅक्रॉसमध्ये संपत नाही, कारण एकदा वर्तुळातला ताबा फिरला की ज्या यंत्राने सहा गोल दिले तेच यंत्र समोरच्या संघासाठी चालायला लागतं. बॉस्टन कॉलेजने एकेक करत ती पिछाडी भरून काढली आणि एका गोलने किताब नेला.

त्या संघाबद्दल मला विशेष आदर आहे. २०१७, २०१८, २०१९ अशा सलग तीन फायनल ते हरले: मेरीलँडकडून १६–१३, जेम्स मॅडिसनकडून १६–१५, पुन्हा मेरीलँडकडून १२–१०. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. २०२१ मध्ये मेरीलँड राज्यातल्याच टॉवसन इथे त्यांनी सिराक्यूजला १६–१० ने हरवून पहिला किताब घेतला. त्या वर्षी त्यांच्या शार्लट नॉर्थने हंगामात १०२ गोल करून राष्ट्रीय विक्रम केला. गोलांबद्दल सगळे बोलतात. ती संघासाठी ड्रॉही घ्यायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे गोल करायची, मग स्वतःच मध्यावर जाऊन पुढचा चेंडू मिळवायची. मेरीलँडची टेलर कमिंग्ज त्याआधीच्या पिढीतली, २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं तिने तेवारातन पुरस्कार घेतला. कॉलेज लॅक्रॉसमधला हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. तीही मिडफिल्डर आणि ड्रॉवर जबरदस्त. तुमची मुलगी मिडफिल्डर आहे म्हणून ही दोन नावं मुद्दाम सांगते आहे.

आता स्पर्धेची रचना. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन एनसीएए ही संस्था करते. कॉलेजांचे तीन विभाग असतात, तुम्ही बघणार आहात तो पहिला विभाग. त्यात महिला लॅक्रॉसचे १२० हून अधिक संघ आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यातून २९ संघ राष्ट्रीय स्पर्धेत घेतात. काही संघ आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, स्पर्धा जिंकून थेट येतात. उरलेल्या जागा निवड समिती भरते, हंगामभर कुणाशी खेळलात आणि कुणाला हरवलंत ते बघून. दुबळ्या संघांना हरवून जमवलेल्या विजयांना तिथे फार किंमत नसते. पहिल्या आठ संघांना मानांकन मिळतं, त्यातल्या पहिल्या तिघांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे ती न खेळताच पुढे प्रवेश. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मानांकित कॉलेजांच्या मैदानांवर पहिल्या दोन फेऱ्या एकाच वीकेंडला होतात, पुढच्या आठवड्यात उपांत्यपूर्व फेरी, आणि मेमोरियल डेच्या (मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीच्या) वीकेंडला ठरलेल्या एका ठिकाणी शुक्रवारी दोन्ही सेमीफायनल व रविवारी फायनल. हरलात की घरी.

यातला एक तपशील नजरेतून सुटतो. शुक्रवार आणि रविवार यांच्यात फक्त एक दिवस मिळतो. शुक्रवारी जिचे पाय जादा डावात संपले, तीच रविवारी पुन्हा वर्तुळाच्या कडेवर उभी राहते. ड्रॉ घेणाऱ्या खेळाडूला मनगट आणि खांद्याचं काम असतं, पण कडेवरच्या दोघींना प्रत्येक ड्रॉला वीस-पंचवीस पावलांची जीव तोडून धाव घ्यावी लागते, वर समोरच्या खेळाडूशी खांद्याला खांदा लावून जागा राखायची असते. रविवारी चौथ्या क्वार्टरमध्ये कुठला संघ त्या जागी ताज्या दमाची मुलगी पाठवू शकतो, हे बघण्यासारखं असतं. मोठ्या संघांची खरी श्रीमंती तिथे दिसते.

इतिहासात फार खोल जात नाही, पण आजी-आजोबांना उत्सुकता असेल म्हणून सांगते. लॅक्रॉस हा मुळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा खेळ, हॉडेनोशॉनी लोकांसाठी तो आजही पवित्र आहे. मुलींचा खेळ मात्र वळसा घालून अमेरिकेत आला. स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेच्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी तो कॅनडात बघितला, १८९० मध्ये त्या शाळेत मुलींचा सामना झाला, आणि त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो रुजवला. म्हणून बाल्टिमोर ही या खेळाची राजधानी. एनसीएएची पहिली महिला फायनल १९८२ ची, मॅसॅच्युसेट्सने ट्रेंटन स्टेटला ९–६ असं हरवलं.

त्यानंतरची कहाणी मुख्यतः दोन घराण्यांची आहे. मेरीलँडने एनसीएएचे १४ किताब जिंकले, त्यातले सात सलग, १९९५ ते २००१, प्रशिक्षक सिंडी टिमचल यांच्या हाताखाली. त्या काळात मेरीलँडकडून खेळलेल्या केली अमॉंटी हिलर पुढे शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये प्रशिक्षक झाल्या. तिथे महिला लॅक्रॉसचा संघ १९९२ मध्ये बंदच पडला होता. त्यांनी तो पुन्हा उभा केला, २००२ मध्ये पहिला हंगाम खेळला आणि २००५ मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पूर्व किनाऱ्यावरच्या शाळांतल्या तयार मुली त्यांच्याकडे यायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी कॅम्पसवर नजरेस पडलेल्या, लॅक्रॉस कधीही न खेळलेल्या जुळ्या बहिणींनाही संघात घेतलं. वेग, चपळाई आणि चेंडूमागे झेपावण्याची भूक त्यांना दिसली, स्टिक धरणं शिकवता येईल असा त्यांचा हिशेब होता. २००५ ते २०१२ या आठही वर्षांत नॉर्थवेस्टर्न फायनलला होतं आणि त्यांनी सात किताब जिंकले. मी या गोष्टीकडे नेहमी वर्तुळाच्या दृष्टीने बघते. कडेवर उभ्या असलेल्या मुलीला पहिल्या क्षणी लागतं ते हेच: वेग आणि भूक.

तिसरं घराणं नॉर्थ कॅरोलायना. तिथला संघ १९९६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून जेनी लेव्ही याच प्रशिक्षक आहेत. २०१३, २०१६, २०२२ आणि २०२५ असे चार किताब. २०२२ ची सेमीफायनल नॉर्थवेस्टर्नविरुद्ध होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये मोठी पिछाडी भरून काढत त्यांनी ती १५–१४ ने जिंकली. २०२५ मध्ये बॉस्टनजवळ फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियमवर त्यांनी नॉर्थवेस्टर्नला १२–८ ने हरवलं आणि हंगाम २२–० असा संपवला.

नियम बदलले तसं ड्रॉचं वजनही वाढत गेलं. २०१६ पर्यंत पहिल्या विभागात शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्याच्या मुदतीचं घड्याळ, नव्हतं. आघाडी घेतलेला संघ गोलमागे चेंडू फिरवत मिनिटामागून मिनिटं घालवू शकायचा. नॉर्थवेस्टर्नने २०११ ची फायनल ८–७ आणि २०१२ ची ८–६ अशी जिंकली, ते आकडे त्या काळाचे आहेत. तेव्हाही जास्त गोलांचे सामने व्हायचे, पण चेंडू दाबून ठेवणं हा एक मान्य डाव होता. २०१७ पासून ९० सेकंदांचं घड्याळ आलं. तेवढ्यात गोलवर शॉट घ्यायचाच. पुढच्या वर्षापासून शिट्टी झाल्यावर जागच्या जागी थिजून उभं राहायचा जुना नियमही गेला. सामना आणखी वेगवान झाला, गोल वाढले, गोल वाढले म्हणून ड्रॉ वाढले. २०२२ पासून ३० मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी १५ मिनिटांचे चार क्वार्टर आले, त्यामुळे डावाच्या सुरुवातीचे ड्रॉही दोनाचे चार झाले. माझ्या मते हे सगळे बदल खेळाच्या हिताचे आहेत. आघाडीवर बसून राहण्यात कुणाचंच कौशल्य दिसत नव्हतं.

आता पंचांच्या शिट्ट्यांबद्दल, कारण प्रेक्षकांत सर्वांत जास्त चिडचिड त्यावरून होते. महिलांचा खेळ पुरुषांपेक्षा वेगळा आहे. मैदानावर गोलकीपर धरून १२ जणी असतात. हेल्मेट फक्त गोलकीपरला सक्तीचं, बाकीच्यांच्या डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि तोंडात माउथगार्ड. अंगावर धडक मारायची नाही, स्टिक समोरच्या मुलीच्या डोक्याच्या आसपास न्यायची नाही. चेंडू घट्ट रबराचा, वजन महिला क्रिकेटच्या चेंडूइतकं. तो वेगाने गोलकडे मारला जात असताना एखादी डिफेंडर अचानक मध्ये आली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून ‘शूटिंग स्पेस’ नावाचा नियम आहे: ज्या खेळाडूला तुम्ही स्टिकच्या अंतरावरून राखत नाही आहात, तिच्या आणि गोलच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून शॉट अडवायचा नाही. वरून बघताना वाटतं की डिफेंडर बिचारी नुसती उभी होती, पंचांनी शिट्टी का वाजवली? ती उभी होती म्हणूनच वाजवली. पंच म्हणून हा निर्णय मी एक क्षणही मागेपुढे न बघता देते, मग पालक कितीही ओरडोत. तसाच तीन सेकंदांचा नियम: गोलसमोरच्या आठ मीटरच्या कमानीत डिफेंडरने कुणालाही जवळून न राखता तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही.

कमानीच्या आत मोठा फाउल झाला की फ्री पोझिशन मिळते. अटॅकर कमानीवरच्या खुणेवर उभी राहते, समोरची जागा मोकळी केली जाते, शिट्टी होताच ती धावत सुटते आणि दोन्ही बाजूंनी डिफेंडर तिच्याकडे झेपावतात. आजी-आजोबांना हा प्रसंग लगेच आवडेल, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. खेळ गोलच्या मागेही चालतो, हे मात्र आधी सांगून ठेवा. चेंडू गोलमागे गेला म्हणजे बाहेर गेला असं नव्याने बघणाऱ्याला वाटतं. बऱ्याच संघांची चढाई तिथूनच रचली जाते, कारण गोलकीपरला मागे वळून बघावं लागतं आणि समोरून कापत येणारी अटॅकर तिच्या नजरेआड जाते.

बसायला जागा निवडता येत असेल तर मधल्या रेषेच्या आसपास आणि थोडी वरची घ्या. गोलमागची जागा मोहात पाडते, पण तिथून ड्रॉ दिसत नाही. कडेवरच्या दोघी कुठे उभ्या राहतात, शिट्टीआधी डोळ्यांनी एकमेकींना काय सांगतात, ड्रॉ घेणारी चेंडू स्वतःकडे ओढते आहे की मागच्या सखीकडे ढकलते आहे, हे सगळं मध्यावरूनच कळतं. सुरुवातीचे तीन-चार ड्रॉ एकच संघ जिंकत असेल तर दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकांकडे बघा. ते ड्रॉ घेणारी बदलतात का, कडेवरची बदलतात, की ड्रॉ हरणारच असं धरून आपल्या डिफेंडरना आधीच मागे जमवतात? सामन्यातली सर्वांत हुशार चाल बहुतेक वेळा याच बदलात असते. पाणी आणि टोपी विसरू नका. मे महिन्याच्या शेवटी ऊन चांगलंच असतं आणि वीज चमकली तर शेवटच्या चमकेपासून ३० मिनिटं खेळ थांबतो, तेव्हा संध्याकाळचे बेत सैल ठेवा.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. तिने या वीकेंडला एकाच गोष्टीची वही ठेवावी असं मी सुचवेन. प्रत्येक ड्रॉला तीन नोंदी: चेंडू कुठल्या दिशेला उडाला, कडेवरची कोण आधी हलली, आणि जमिनीवर पडला तर कुणी उचलला. दोन सेमीफायनल बघून झाल्यावर तिला स्वतःलाच दिसेल की ड्रॉ घेणाऱ्या मुलीने थेट स्वतःच्या जाळीत चेंडू घेतला असे प्रसंग कमी असतात. जास्त वेळा चेंडू कडेवरच्या मुलीला मिळतो, आणि ती मुलगी बहुधा सर्वांत उंच नसते, सर्वांत आधी निघालेली असते.

घरी सरावाला भिंत पुरेशी आहे. दोन्ही हातांनी, उजव्या इतकंच डाव्यानेही, डोक्याच्या वरून येणारा चेंडू एका हाताने स्टिक लांबवून झेलायचा. जमिनीवरचा चेंडू धावता धावता, गुडघे वाकवून, न थांबता उचलायचा. ड्रॉच्या ओढीसाठी मनगट आणि कंबर दोन्ही लागतात, नुसत्या हातांच्या ताकदीवर मुली खांदा दुखावून घेतात. आणि गुडघ्यांची काळजी आत्तापासून घ्या. धावता धावता अचानक दिशा बदलण्याचा हा खेळ आहे, मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत फार होते. नॉर्थवेस्टर्नची इझी स्केन त्याच दुखापतीमुळे २०२२ चा पूर्ण हंगाम बाहेर होती. ती परत आली, २०२३ मध्ये संघाला किताब मिळवून दिला आणि २०२३ व २०२४ असे दोन्ही तेवारातन पुरस्कार घेतले. असं पुनरागमन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. उडी मारून बरोबर उतरायला शिकवणारे साधे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी धोका कमी होतो, तिच्या शाळेतल्या ॲथलेटिक ट्रेनरला विचारा.

एक गोष्ट मात्र तिला माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं, तिथे क्रिकेटबरोबरच लॅक्रॉसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. महिला लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये प्रथमच दिसेल. पण तो प्रकार सहा जणींचा असेल: मैदान लहान, आठ मिनिटांचे क्वार्टर, शॉट क्लॉक ३० सेकंदांचं. आणि तिथे गोलनंतर ड्रॉ होत नाही, गोलकीपर लगेच चेंडू खेळात आणते, ड्रॉ फक्त क्वार्टरच्या सुरुवातीला. त्यामुळे कॉलेजच्या खेळात ड्रॉवर हुकमत असलेली मुलगी तिथे आपोआप चमकेल असं नाही. तिथे लागेल सतत धावणं आणि दोन्ही बाजूंना खेळणं. म्हणूनच मी माझ्या मुलींना ड्रॉ शिकवताना चेंडू मिळाल्यानंतरची पहिली पाच सेकंदं वेगळी शिकवते: मान वर, मोकळी सखी शोध, पास दे, आणि स्वतः पळत राहा. हे कौशल्य दोन्ही प्रकारांत चालतं.

कॉलेजच्या प्रशिक्षकांशी बोलण्याची घाई करू नका. पहिल्या विभागाच्या प्रशिक्षकांना अकरावीच्या वर्षात १ सप्टेंबरच्या आधी खेळाडूशी भरतीबद्दल बोलायला मनाई आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) आणि तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळाच्या शिष्यवृत्त्या देतच नाहीत, तिथे आर्थिक गरज बघून मदत मिळते. त्यामुळे तिचे शाळेतले गुण हे तिच्या स्टिकइतकेच महत्त्वाचे आहेत. तिसऱ्या विभागाला कमी लेखू नका. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजने २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन राष्ट्रीय किताब त्या विभागात जिंकले, आणि तिथला खेळ बघितला तर पहिल्या विभागातल्या पुष्कळ संघांपेक्षा तो देखणा वाटेल. त्या विभागाचे सामनेही मे महिन्यातच असतात. तुमच्या घरापासून गाडीने जाण्यासारख्या अंतरावर एखादा असेल तर मोठ्या वीकेंडच्या आधी तोच बघून या. गर्दी कमी असते, अगदी मैदानाच्या कडेला उभं राहता येतं, आणि ड्रॉच्या वेळी तिघी एकमेकींशी काय बोलतात ते ऐकूही येतं.